गाणं पूर्ण वाजवा, नावं पूर्ण घ्या

प्रति,
जुन्या हिंदी चित्रपटगीतांचे हक्क बाळगणाऱ्या संगीत कंपन्या, ती गाणी ऐकवणारी रेडिओ केंद्रं आणि मोबाइलवरची संगीत अ‍ॅप

सप्रेम नमस्कार.

गेली अठरा वर्षं रात्री दहा ते अकरा मी एका रेडिओ केंद्रावर जुनी हिंदी गाणी ऐकत आले. निवेदक आधी चित्रपट सांगायचे, मग साल, गीतकार, संगीतकार, गायक. त्यानंतर गाणं लागायचं ते पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून हे बदललं. आता त्याच तासात जवळपास दुप्पट गाणी बसवतात. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, की लगेच पुढचं गाणं. सुरुवातीचं संगीत कापलेलं असतं आणि नावं कुणाचीच घेत नाहीत. मी केंद्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं, तेही सभ्य भाषेत: श्रोत्यांना आता तेवढा वेळ नसतो, आणि नावं मोबाइलवर सापडतातच.

मग मी मोबाइलवर शोधायला बसले. त्या शोधात जे दिसलं त्यामुळे हे पत्र एका केंद्राला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे.

माझा या गाण्यांशी संबंध काय, ते आधी सांगते. मी हार्मोनियम शिकवते. घरी आठ-दहा मुलं येतात. पण गाण्यांची ओळख मला पेटीने करून दिली नाही, ती बाबांच्या वहीने करून दिली. बाबा एसटीत कारकून होते. तबकड्या विकत घेण्याइतके पैसे हाताशी कधी नव्हते. घरात रेडिओ होता आणि एक लांबट, हिशेबाची असते तशी वही होती. तिच्यात लाल पेन्सिलीने सहा रकाने पाडलेले: गाणं, चित्रपट, साल, गीतकार, संगीतकार, गायक. विविध भारतीवर निवेदक नावं सांगायला लागले की बाबा वही मांडीवर घेऊन तयार असायचे. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली किंवा खरखर आली, तर तो रकाना मोकळा राहायचा. अंदाजाने त्यांनी तो कधीच भरला नाही. गाणं पुन्हा लागेपर्यंत ते थांबायचे.

वही आता माझ्याकडे आहे. त्यात कितीतरी ओळी दोन रंगांच्या शाईत आहेत. 'रसिक बलमा'ची ओळ घ्या. 'चोरी चोरी', 1956, शंकर-जयकिशन, लता मंगेशकर, एवढं सगळं निळ्या शाईत, आणि हसरत जयपुरी हे नाव हिरव्या शाईत. शंकर-जयकिशन यांच्याबरोबर शैलेंद्र आणि हसरत असे दोघे कवी काम करत, या चित्रपटातही दोघांची गाणी आहेत. बाबांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी मनाने काही लिहिलं नाही. मधे किती महिने गेले कोण जाणे. पण त्या दिवशी पुन्हा गाणं लागलं, नाव ऐकू आलं आणि हाताशी असलेल्या हिरव्या पेनाने ते लिहिलं गेलं.

एका मोठ्या अ‍ॅपवर मी हेच गाणं काढलं. तिथे गीतकार म्हणून शैलेंद्र यांचं नाव आहे. दुसऱ्या अ‍ॅपवर गीतकाराची जागाच नाही. तिसऱ्यावर संगीतकारांची नावं 'कलाकार' म्हणून गायिकेच्या रांगेत बसवली आहेत. कोणी शब्द लिहिले, कोणी चाल दिली आणि कोण गायलं, हे त्यातून कळायचा काही मार्ग नाही. खरखरीतून ऐकून एका कारकुनाने जे अचूक टिपलं, ते हक्काचे कागद कपाटात असलेल्या कंपन्यांकडून चुकीचं छापलं जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता गाणी कापण्याबद्दल. माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे.

मागच्या पंधरवड्यात माझी एक पंधरा वर्षांची विद्यार्थिनी 'ज्योति कलश छलके' बसवून आली. 'भाभी की चूड़ियाँ', 1961. पंडित नरेंद्र शर्मा यांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, लताबाईंचा आवाज. आपल्या 'वहिनींच्या बांगड्या'वरून तो चित्रपट निघाला आणि दोन्हींना संगीत बाबूजींचं, म्हणून मराठी घरांत या गाण्याची माया जरा जास्तच आहे. मुलगी सुरेख गायली. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला, ती मुखड्यावर परत आली आणि थांबली. मी पुढच्या अंतऱ्याचा सूर धरून बसले होते. "ताई, संपलं की," ती म्हणाली.

तिने फोनवर कापलेलं गाणं ऐकून ते बसवलं होतं. तिच्या लेखी गाणं तेवढंच होतं.

ते गाणं पहाटेचं आहे. राग भूप म्हणायचा की देशकार, यावर जाणकार अजून बोलत असतात. आकाशातल्या रंगांपासून ते सुरू होतं. पहिल्या अंतऱ्यात उजेड घराअंगणात आणि उपवनात उतरतो. मग पानापानांत हिरवाई दिसू लागते, धरतीचं मुख उजळतं. पुढे उषा आपला पदर पसरते आणि त्याखाली सुखाची शीतल सावली पडते. शेवटच्या अंतऱ्यात ज्योत यशोदा होते, धरती गाय होते आणि निळं आकाश गोपाळ कन्हैया होतं. उजेडाचं इतका वेळ चाललेलं वर्णन त्या ओळीत येऊन एकदम आईच्या मांडीवर बसतं. कवी चालला होता तो तिथे पोचण्यासाठी. माझी विद्यार्थिनी अंगणातूनच परत फिरली होती, आणि दोष तिचा नव्हता.

मी तिला उरलेले अंतरे सांगितले. तिने ते लिहून घेतले, यशोदेच्या ओळीवर जरा थांबली आणि विचारलं, "हे त्यात का नव्हतं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्याकडे आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतात की ही गाणी लांब आहेत. याच्याइतकं चुकीचं विधान दुसरं नाही. ही गाणी मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या काळात घडली. तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपास मावायचं, त्यापलीकडे गेलं तर गाणं उलट्या बाजूवर न्यावं लागे. चित्रपटात असलेला एखादा अंतरा तबकडीवर येताना गळायचा, तो याच अडचणीमुळे. सुरुवातीचे सूर किती, दोन अंतऱ्यांमधला पीस किती, सतार कुठे सोडायची, व्हायोलिनने कुठे उचलायचं, हे सगळं घड्याळाकडे बघून ठरलेलं आहे. जे मुळातच एवढं काटेकोर बेतलेलं आहे, त्यातून आणखी कापायला उरतंच काय? आजचा माणूस कामाला जाताना तासभर कानात काहीतरी ऐकत असतो. त्याच्याकडे साडेतीन मिनिटं नाहीत, हे मला पटत नाही.

आणि सुरुवातीचं संगीत म्हणजे पडदा उघडेपर्यंतचा वेळ नव्हे. 'महल' (1949) मधलं 'आएगा आनेवाला' आठवा. खेमचंद प्रकाश यांची चाल. सुरुवातीच्या ठेक्याविना गायलेल्या ओळींमध्ये आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येतो. असं ऐकू येण्यासाठी तेव्हा कुठलं यंत्र हाताशी नव्हतं. लताबाई माइकपासून दूर, स्टुडिओच्या एका टोकाला उभ्या राहिल्या आणि गात गात, पाऊल टाकत माइकपर्यंत आल्या. त्या स्वतः हे सांगत असत. वीस वर्षांची मुलगी अंधाऱ्या हवेलीतली हाक बनून चालत येते आहे. तुमच्या कापलेल्या प्रतीत गाणं थेट मुखड्यापासून सुरू होतं. ती चाललेली पावलं तुम्ही कापलीत. आता ती माइकसमोर आधीपासूनच उभी असते, आणि मग कोण येणार, कुठून येणार, याची हुरहुर कशाला लागावी?

याच गाण्याची आणखी एक गोष्ट नावांच्या मुद्द्याकडे नेते. तबकडी आली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव. हा आवाज कोणाचा, म्हणून श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली. रेडिओने कंपनीला विचारलं, आणि लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत गेलं. श्रोत्यांनी विचारलं नसतं, तर? नावाची चौकशी करणारा श्रोता हा या गाण्यांच्या इतिहासाचाच भाग आहे, त्याला आज तुम्ही 'वेळ नसलेला' म्हणून बाजूला सारता.

1952 साली आकाशवाणीने चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात, असं ठरवून ते गाळायला सुरुवात केली. त्यावरून निर्मात्यांशी बिनसलं आणि त्यांनी परवानग्या काढून घेतल्या. तेव्हाचे मंत्री बा. वि. केसकर यांना चित्रपटसंगीत तसंही नको होतं. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेतलं केंद्र, लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि आपल्याकडे ऑक्टोबर 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. ज्या माध्यमाला हा धडा एकदा मिळालेला आहे, त्याने पुन्हा नावं गाळावीत हे मला समजत नाही.

गायकाचं नाव तरी कसंबसं टिकतं. त्याच्या मागे जे उभे होते, ते पुसले जात आहेत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसूझा यांनी केलं. व्हायोलिनच्या ताफ्याने कुठे उठायचं आणि गायकाच्या ओळीमागून तिला जोड देणारी दुसरी चाल कोणी वाजवायची, हे कागदावर मांडणारा तो हात गोव्याचा होता. दत्ताराम वाडकरही मूळचे गोव्याचे. त्यांचा ढोलकचा ठेका वादकांमध्ये आजही 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो. 'आँसू भरी हैं ये जीवन की राहें' (परवरिश, 1958) ही चाल त्यांची स्वतःची, शब्द हसरत जयपुरींचे. मी पाहिलं त्या यादीत ते गाणं शंकर-जयकिशन यांच्या नावावर टाकलेलं होतं. आयुष्यभर आपल्यासाठी ठेके धरणाऱ्या माणसाचं एवढंसं धन त्या दोघांनी असं उचलून कधीच घेतलं नसतं.

बाबा गेल्यावर मी वहीत सातवा रकाना पाडला: वादक. त्यात फार थोडं लिहून झालं आहे. 'नागिन' (1954) मधल्या 'मन डोले'ची पुंगी ही पुंगी नव्हे, ते क्लॅव्हिओलिन नावाचं वाद्य कल्याणजींनी वाजवलं. 'गाइड' (1965) मधल्या 'मोसे छल किये जाए'ला तबल्यावर आहेत संतूरवादक शिवकुमार शर्मा. 'रूप तेरा मस्ताना'मधला अ‍ॅकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचा. ही नावं कळल्यावर मी तीच गाणी पुन्हा ऐकली आणि ती वेगळीच ऐकू आली. नाव कळलं की कान त्या वाद्यामागे जातो. माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी हे रोज पाहते.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात.

एक, प्रतींची सरमिसळ. 'दाग' (1952) मध्ये 'ऐ मेरे दिल कहीं और चल' तीन वेळा आहे, तलत महमूद यांच्या आवाजात संथ आणि जलद, शिवाय लताबाईंच्या आवाजात. तुमच्याकडे एक लावावं तर दुसरं वाजतं. काही गाण्यांचा तर वेगच बिघडलेला आहे. जुन्या तबकडीवरून उतरवताना फेऱ्या कमीजास्त झाल्या की सूर सरकतो. मी पेटी घेऊन बसते तेव्हा गाणं पेटीच्या ना काळी एक पट्टीत बसतं, ना शेजारच्या पांढरी दोनमध्ये, मधेच कुठेतरी लोंबकळतं. मुलं त्यावरून सूर लावायला शिकतात.

दुसरी, वरून चढवलेले ठोके. कॅसेटच्या काळात 'झंकार' नावाने हे झालं, आता 'लो-फाय' म्हणून होतं. नव्या माणसांनी जुनं गाणं आपल्या परीने गावं, वाजवावं, याला माझा विरोध नाही. माझे दोन विद्यार्थी अशाच नव्या प्रतींमधून जुन्या गाण्यांकडे आले. पण शोधल्यावर मूळ गाणं आठव्या-दहाव्या जागी सापडावं आणि वरच्या प्रतींवर मूळ कवीचं नावसुद्धा नसावं, हे बरोबर नाही.

कायद्याचंही एक कलम तुमच्या ध्यानात आणून देते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57. हक्क विकून टाकले तरी आपल्या कृतीवर आपलं नाव असण्याचा आणि तिची मानहानीकारक मोडतोड थांबवण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो, असं ते सांगतं. मी कोर्टात जाणारी बाई नाही, धमकी म्हणून हे लिहिलेलं नाही. गाणं तुमच्या मालकीचं असलं तरी शैलेंद्र, साहिर किंवा नरेंद्र शर्मा यांचं नाव तुमच्या मालकीचं होत नाही, एवढंच म्हणायचं आहे.

माहिती मिळत नाही, असं मात्र कृपा करून सांगू नका. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी 1931 पासूनच्या हिंदी चित्रपटांची गाणी दशकवार लावून त्यांचे कोश छापले. एका माणसाने हे केलं. तुमच्याकडे तर तबकड्या, टेपा, करारपत्रं सगळं आहे. ते असेपर्यंत वापरा. पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईत मॅजेस्टिकमध्ये लागला, त्यात सात गाणी होती. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. त्या गाण्यांविषयी आपण वाचू शकतो, ती ऐकू शकत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

रेडिओ केंद्रांनी जुनं गाणं लावायचं तर पूर्ण लावावं. तासाला पाच गाणी कमी झाली तरी चालतील. गाण्याआधी चित्रपट, साल, गीतकार, संगीतकार आणि गायक सांगावेत. याला पंधरा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून मोजले आहेत.

अ‍ॅपवाल्यांनी गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्यासाठी वेगवेगळ्या जागा ठेवाव्यात. चूक कळवण्यासाठी एक जागा द्यावी आणि कळवलेली चूक तपासून ठरावीक दिवसांत दुरुस्त करावी. कापलेल्या प्रतीवर 'संक्षिप्त' असं ठळक लिहावं आणि शोधल्यावर मूळ, पूर्ण गाणं सगळ्यांच्या वर यावं.

कंपन्यांनी योग्य वेगाने उतरवलेल्या पूर्ण प्रती उपलब्ध कराव्यात, चित्रपटातले वगळलेले अंतरे जिथे असतील तिथे तेही द्यावेत. आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळच्या नोंदींमध्ये वाद्यसंयोजकांची आणि वादकांची जी नावं असतील, ती लोकांसाठी खुली करावीत. त्या पिढीतले वादक आता फार थोडे उरले आहेत. त्यांना बसवून, गाणी ऐकवून, कोण काय वाजवत होतं हे विचारून घ्यायचं असेल तर ते याच वर्षी करायला हवं.

शेवटी एक वैयक्तिक विनंती. वहीत 'ज्योति कलश छलके'च्या ओळीत बाबांचे सहाही रकाने भरलेले आहेत. मी पाडलेला सातवा मोकळा आहे. त्या दिवशी साथीला कोण कोण बसले होते, याची नोंद तुमच्यापैकी कोणाच्या कपाटात असेल, तर तेवढी नावं मला कळवा. मी अंदाजाने काहीही लिहिलेलं नाही.

आपली,
एक हार्मोनियम शिक्षिका